सारीपटाचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्याच्यावर एकदां तरी आला आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या वस्तु आपण मोजून, बांधून, वर चिठ्ठ्या डकवून नेतों त्या बहुधा सुखरूप पोंचतात. हरवतें तें, जें बांधण्याजोगें आहे असें आपल्या कधीं मनांतच आलेलें नसतें. जुन्या घराचें दार किंचित् वर उचलून ढकललें म्हणजे कडी बसत असे. नळाला पाणी पहांटे साडेचारला येत असे. दिव्याचें बटण शोधावें न लागतां हात आपण होऊन त्याच्यावर जात असे. हें ज्ञान कोणत्याहि ट्रंकेंत भरतां येत नाहीं. आणि नव्या घरीं पहिल्या रात्रीं अंधारांत भिंत चांचपीत उभें राहिल्यावर, तें आपल्याजवळ होतें हें आपणांस प्रथम कळतें. आम्हांला हा अनुभव दोनदां आला. एकदां आत्याच्या बिऱ्हाडामुळें, आणि एकदां एका संकेतस्थळाच्या बिऱ्हाडामुळें. दुसऱ्या खेपेस नुकसान अधिक झालें आणि त्यांतली मोठी चूक आमची होती. म्हणून तीच हकीगत येथें सांगावयाची आहे.

आमची आत्या १९८६ सालीं गिरगांवांतील चाळ सोडून भाईंदरास, नवघरच्या बाजूस, राहावयास आली. आदल्याच वर्षीं मीरा-भाईंदरला नगरपालिका मिळाली होती. महानगरपालिका व्हावयास पुढें २००२ साल उजाडलें. गच्चीवर गेलें म्हणजे दूर मिठागरांतले पांढरे ढीग दिसत. २००१ सालच्या जनगणनेंत या शहराची वस्ती सव्वापांच लाखांच्या आंत होती, ती २०११ सालीं आठ लाखांवर गेली. इतकीं माणसें दहा वर्षांत एका गांवीं जन्मास येत नसतात. तीं कोठून तरी बिऱ्हाड घेऊन येतात. आत्या त्यांच्यांतलीच एक. तिच्या सामानांत फुलीच्या आकाराचा एक कापडी पट, सोळा लांकडी सोंगट्या आणि कवड्यांची थैली होती. हें सर्व नीट पोंचलें. पोंचली नाहीं ती चाळीची गॅलरी. तेथें पट पसरतांच कोणी ना कोणी चौथा भिडू आपण होऊन येऊन बसे. भाईंदरच्या जिन्यावर मात्र समोरासमोर चार बंद दारें होतीं.

सारीपटाची मांडणी पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. चार हात, प्रत्येक हाताला आठ आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकंदर ९६ घरें. आणि मध्यें सर्वांनीं शेवटीं पोंचावयाची जागा. चार भिडू आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या. इतकें बहुतेक सर्वत्र सारखें. यापुढें मात्र प्रत्येक कुटुंबाचें शास्त्र निराळें. कोणाकडे ६ कवड्या, कोणाकडे ७. सगळ्या पालथ्या पडल्या तर एका घरीं मोठें दान, दुसऱ्या घरीं निराळें. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्यावांचून आपली सोंगटी मध्यें नेतां येणार नाहीं, असा कडक कायदा कोठें असतो, तर कोठें या कायद्याचें नांवहि कोणीं ऐकलेलें नसतें. हे नियम कोणी लिहून ठेवीत नाहीं, कारण घरांतल्या घरांत त्याची गरजच पडत नाहीं. याच कुळांतल्या एका खेळाला इंग्लंडांत १८९६ सालीं 'लुडो' या नांवानें पेटंट मिळालें. आणि खेळ डब्यांत घालून विकावयाचा म्हटल्यावर त्याबरोबर नियमांचा छापील कागदहि आला. घराबाहेर पडलेल्या खेळाला कागद लागतो. घरांत राहिलेल्याला आजी पुरते.

आत्याला तिचा चौथा भिडू मिळवून द्यावा, या हेतूनें २०११ सालीं आम्हीं एक संकेतस्थळ उभारलें. आमचा पेशा जमाखर्चाचा. संगणकाचें शिक्षण भाईंदर ते चर्चगेट या लोकलच्या प्रवासांत पुस्तक वाचून जेवढें झालें तेवढेंच. तरी पट तयार झाला. आत्या भाईंदरला, काका बेळगांवला, काकांची मुलगी बडोद्याला आणि आम्ही जेथें असूं तेथें, असे चौघे रविवारीं दुपारीं खेळूं लागलों. हळूहळू परकीं माणसेंहि येऊं लागलीं आणि आल्याबरोबर भांडूं लागलीं, कारण आत्याचे नियम त्यांच्या घरचे नव्हते. तेव्हां आम्हीं 'घरोघरचे नियम' असें एक निराळें पान उघडलें. ज्यानें त्यानें आपल्या घरची रीत तेथें लिहावी. आठ वर्षांत १४२ नियम जमले. त्यांतले जवळजवळ निम्मे आत्यानें सांगितलेले आणि आम्हीं टिपून घेतलेले होते.

येथें थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. संकेतस्थळ हें आपलें स्वतःचें घर नव्हे. ती भाड्याची खोली असते. सर्व्हर म्हणजे कोठें तरी दूर रात्रंदिवस चालणारा संगणक, आणि तो चालविणारी कंपनी म्हणजे घरमालक. आपण तेथें स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, नेऊन ठेवतों. खेळणाऱ्यानें 'कवड्या टाका' या बटणावर बोट ठेवलें कीं स्क्रिप्ट जागी होते, दान ठरविते, सोंगटी हलविते, डेटाबेसांत तशी नोंद करिते आणि नवा पट तयार करून परत पाठविते. आमच्या आज्ञा पीएचपी या भाषेंत होत्या. रास्मुस लेर्डोर्फ यांनीं १९९५ सालीं ती लोकांस खुली केली, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना ती सोपी वाटते. पण आज्ञांची यादी कधींच संपूर्ण नसते. चूक झाली तर ती पाहुण्यास दाखवावी कीं लपवावी, आलेला निरोप कोणत्या रीतीनें हातीं द्यावा, अक्षरें कोणत्या लिपिसंकेतांत आहेत असें समजावें, अशा शेंकडों बाबी सर्व्हरच्या सेटिंगांवर सोंपविलेल्या असतात. आपण जें सांगितलें नाहीं तें घरमालकाच्या रिवाजाप्रमाणें होतें. आमच्या स्क्रिप्टा आठ वर्षें चालल्या, त्यांत आमच्या हुशारीपेक्षां त्या मालकाच्या रिवाजाचा वांटा मोठा होता, हें आम्हांस तेव्हां कोठून कळणार?

२०१९ सालीं जुना सर्व्हर बंद होणार, अशी सूचना आली. आम्हीं दुसऱ्या मालकाकडे खोली घेतली, सगळ्या फाइली मोजून नेल्या, डेटाबेसची नक्कल नेली आणि पत्ता बदलून घेतला. मग मोठ्या समाधानानें संकेतस्थळ उघडलें, तों समोर कोरें पांढरें पान! ना पट, ना सोंगट्या, ना चुकीचा एखादा शब्द. जुना मालक चूक झाली कीं तोंडावर सांगे. नवा सभ्य होता. पाहुण्यांसमोर घरांतलीं उणीं काढूं नयेत, या न्यायानें त्यानें चुका दाखविण्याचें सेटिंग बंद ठेवलें होतें. तें योग्यच आहे, कारण अशा संदेशांतून चोरालाहि पुष्कळ कळतें. पण तो सर्व तक्रारी एका नोंदवहींत मुकाट्यानें लिहून ठेवतो, हें समजावयास आम्हांला दोन रात्री लागल्या.

वही उघडली आणि पहिला दोष एका ओळींत कळला. डेटाबेसशीं बोलण्यासाठीं आम्हीं ज्या आज्ञा वापरीत होतों, त्या पीएचपीकारांनीं २०१३ सालीं त्याज्य ठरविल्या होत्या आणि २०१५ सालच्या ७.० या आवृत्तींतून पार काढून टाकल्या होत्या. जुन्या मालकानें जुनी आवृत्ति तशीच ठेवली, म्हणून आम्हांला तें कळलें नाहीं. नव्या आज्ञा शिकून घातल्या आणि पट दिसूं लागला.

पट दिसला, पण खेळ चालेना. कवड्या पडत, दान दिसे. सोंगटीवर बोट ठेवावें तर ती ढिम्म हलत नसे. हा दोष वहींतहि नव्हता, कारण यंत्राच्या दृष्टीनें कांहीं चुकलेंच नव्हतें. कारण पुढें सांपडलें तें असें. जुन्या पीएचपींत एक रिवाज होता: बाहेरून जें कांहीं येईल तें, न मागतां, त्याच नांवानें स्क्रिप्टच्या हातांत ठेवावयाचें. खेळणाऱ्यानें तिसरी सोंगटी निवडली, तर 'सोंगटी' या नांवाखालीं ३ हा आंकडा आयता मिळे. ही सोय घातक आहे, हें जाणत्यांनीं कधींच ओळखलें होतें. दारांतून येईल तें मुकाट्यानें घ्यावयाचें ठरविलें, तर एखाद्यानें पत्त्यामागें चार अक्षरें जोडून आपल्या हातानें २५ चें दान कां पाडूं नये? २००२ सालच्या ४.२ या आवृत्तीपासून हा रिवाज आपोआप चालू ठेवणें बंद झालें आणि २०१२ सालच्या ५.४ मध्यें तो समूळ गेला. जुन्या मालकानें तो आठ वर्षें चालू ठेवला होता. नव्या घरीं मात्र जें हवें तें नांव घेऊन मागावें लागतें. आम्ही मागत नव्हतों, म्हणून यंत्र देत नव्हतें. जेथें जेथें मागणें हवें होतें अशा ४१ जागा आम्हीं शोधून दुरुस्त केल्या आणि सोंगट्या हलूं लागल्या.

तिसरा दोष अक्षरांचा. 'घरोघरचे नियम' हें पान उघडावें तों देवनागरीचा मागमूस नाहीं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच 'आ', त्यापुढें चलनाचें एक गोल चिन्ह, मग पुन्हा तोच 'आ', त्यापुढें जपानी येनचें चिन्ह, अशा रांगाच्या रांगा लागलेल्या. आत्यानें सोंगट्यांत कधीं कवडीची पैज लावूं दिली नाहीं; तिचे नियम असे परदेशी चलनानें भरलेले पाहून हंसावें कीं रडावें तें कळेना. याचेंहि कारण रिवाजच. यूटीएफ-८ या संकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मांडतात. आमच्या डेटाबेसचा, म्हणजे मायएसक्यूएलचा, मूळचा गृहीत संकेत मात्र लॅटिन-१ हा होता. त्यांत एक बाइट म्हणजे युरोपांतलें एक अक्षर. आणि हा डेटाबेस स्वीडनमध्यें जन्मलेला असल्यामुळें वर्णक्रमहि स्वीडिश. जुन्या घरीं लिहितांना आणि वाचतांना दोन्ही वेळां तीच चूक होई, आणि दोन चुका मिळून बेरीज बरोबर येई. नव्या घरीं सर्व्हरनें वाचतांना यूटीएफ-८ चा रिवाज धरला. २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीपासून मायएसक्यूएलनें स्वतःहि तोच धरला आहे. एक चूक सुधारली आणि दुसरी उघडी पडली.

आतां आमच्या अपराधाकडे येतों. वरील दोष शोधीत असतांना नवा डेटाबेस वरचेवर कुरकुर करी: या रकान्यांत कांहींच भरलें नाहीं, त्या रकान्याची मर्यादा ओलांडली. जुना असें कधीं बोलत नसे. चिडून आम्हीं कोठेंसा वाचलेला उपाय केला आणि एका ओळीच्या आज्ञेनें त्याची कडक शिस्त काढून टाकली. कुरकुर थांबली. त्या पंधरवड्यांत एका संध्याकाळीं आत्याकडे गेलों असतां ती खुलून बोलूं लागली. तिनें आपल्या माहेरच्या, राजापुराकडच्या, अकरा रीति सांगितल्या. आम्हीं त्या तेथेंच मोबाइलवरून संकेतस्थळावर लिहून टाकल्या. पान सगळेंच बिघडलेलें असल्यामुळें त्या नीट दिसणार नव्हत्या. पण दोष दिसण्यांत आहे, सांठवणींत नाहीं, असें आम्हीं गृहीत धरलें. वस्तुस्थिति अशी होती कीं, देवनागरी अक्षर लॅटिन-१ च्या रकान्यांत मावत नाहीं. शिस्त चालू असती तर डेटाबेसनें लिहून घेण्यास साफ नकार दिला असता. ती आम्हींच काढल्यामुळें त्यानें निमूटपणें प्रत्येक अक्षराच्या जागीं एकेक प्रश्नचिन्ह ठेविलें आणि काम झाल्याचें कळविलें.

जुने १४२ नियम परत आले. विस्कटलेलीं अक्षरें भयंकर दिसत असलीं तरी त्यांचे बाइट शाबूत असतात. नुसतें वाचणें चुकलेलें असतें. प्रथम नक्कल काढून ठेवली. मग रकान्याला 'हीं अक्षरें नव्हेत, केवळ बाइट आहेत' असें सांगितलें, आणि मग 'हे बाइट यूटीएफ-८ चे आहेत' असें सांगितलें. पान पुन्हा उघडलें तेव्हां आत्याचे शब्द जेथल्या तेथें होते. त्या अकरा नियमांची गोष्ट निराळी. प्रश्नचिन्ह हें बिघडलेलें अक्षर नव्हे. अक्षर गेल्यावर त्या जागीं ठेवलेला तो दगड आहे. त्याच्याखालीं कांहीं शिल्लक नसतें. जें भयंकर दिसत होतें तें सुखरूप होतें, आणि जें नीटनेटक्या रांगेंत उभें होतें तें नाहींसें झालें होतें.

मग पुन्हा विचारावयाचें, असें वाचक म्हणतील. आत्या तेव्हां ८३ वर्षांची होती आणि सकाळचें दुपारीं विसरूं लागली होती. तरी दुसरा मार्ग नव्हता. प्रश्नचिन्हांचे कागद छापून घेऊन आम्ही तिच्याकडे गेलों. तिनें चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाली, "सगळीं प्रश्नचिन्हंच रे! म्हणजे उत्तरं आतां मीं द्यायचीं होय?"

त्या कागदांत एक आधार मात्र उरला होता. शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम हे लॅटिन-१ मध्येंहि असल्यामुळें वांचले होते. तेव्हां प्रत्येक शब्दाची लांबी कळत होती. 'दान' हीं तीन चिन्हें. 'कवडी' हीं चार. पण 'फुली' हींहि चारच, कारण काना, मात्रा, उकार, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र मोजले जातात. 'सोंगटी' सहा आणि 'पंचवीस'हि सहा. आत्या आठवून वाक्य म्हणे, आम्ही बोटांवर मोजून पाही. जुळलें तर लिहूं, न जुळलें तर ती पुन्हा डोळे मिटून बसे. चार संध्याकाळीं हें चाललें. सात नियम चिन्हास चिन्ह जुळले. तीन जुळले नाहींत, पण आत्या आपल्या म्हणण्यावरून हलेना, तेव्हां तिचें म्हणणें लिहिलें. अकरावा सहा शब्दांचा होता आणि त्यांत 'सोंगटी' किंवा 'पंचवीस' दोनदां आलें होतें. तो तिला आठवला नाहीं. "राहूं दे," ती म्हणाली, "माहेरीं तो कोण पाळीत असे, तीं माणसंहि आतां नाहींत." तो नियम आम्हीं त्या पानावर अजून तसाच, प्रश्नचिन्हांत, ठेवला आहे.

त्या रात्रीं आम्हीं डेटाबेसची शिस्त पुन्हा चालू केली, आणि जें जें आजवर घरमालकाच्या रिवाजावर सोडलें होतें तें तें आमच्या स्क्रिप्टेच्या माथ्यावर स्वतः लिहिलें: अक्षरें यूटीएफ-८ चीं आहेत, वेळ भारताची धरावी, चुका वहींत लिहाव्या. चार-सहा ओळींचेंच काम होतें. आतां बिऱ्हाड कोठेंहि हललें तरी या गोष्टी बरोबर येतील.

चौथ्या संध्याकाळीं निघतांना आत्यानें सहज विचारलें, "आणि पहिलं दान कुणाचं, तें लिहिलंस ना?"

आम्हीं सगळे नियम चाळून पाहिले. कोणत्याहि घरानें तें लिहिलेलें नव्हतें. मग आमचें संकेतस्थळ इतकीं वर्षें काय करीत होतें? स्क्रिप्ट उघडून पाहिली. ज्यानें पट मांडला त्यालाच ती पहिलें दान देत असे. असें आम्हीं कधीं ठरविलें नव्हतें. पहिल्या दिवशीं हातून तसें लिहिलें गेलें, एवढेंच. जुन्या-नव्या घरमालकांच्या रिवाजांवर आम्ही पंधरा दिवस चरफडत होतों. आणि आठ वर्षें, हजारों डावांत, सर्वांच्या घरांवर आम्हीं आपला एक रिवाज न सांगतां लादला होता.

"मग कुणाचं असतं?" आम्हीं विचारलें.

"अरे, हें काय सांगायला हवं?" आत्या म्हणाली. "घरांत सगळ्यांत लहान असेल त्याचं."

यंत्राला कोणाचें वय ठाऊक नसतें. म्हणून आतां आमच्या पटावर चार भिडू जमले कीं खेळापूर्वीं एक प्रश्न येतो: तुमच्यांत लहान कोण? आत्या आज नव्वदीस टेकली आहे. रविवारच्या डावांत हा प्रश्न आला कीं ती न चुकतां स्वतःच्या नांवावर बोट ठेवते, आणि पहिलें दान टाकते.